जेट्टीवरचं प्लास्टिकचं खातं

समुद्रात किती आणि कसलं प्लास्टिक आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर जवळ्याचा ढीग पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईला विचारावं. शाम्पूच्या पुडीचा कोपरा, वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी चिंधी, गोणीचा सुटलेला धागा, थर्मोकोलचा दाणा, निळ्या दोराचा तुकडा. यातलं कोणतं पाण्यात वर येतं, कोणतं जवळ्याबरोबर खाली बसतं आणि कोणतं वाळल्यावरच नजरेला पडतं, हे तिला पाठ असतं. मीही ते तिच्या शेजारी बसूनच शिकले. माझं खरं काम मात्र हिशेबाचं. लग्न होऊन मी मुंबईच्या उत्तरेला, वसईच्या खाडीपासून फार लांब नसलेल्या एका कोळीवाड्यात आले आणि बी.कॉम. झालेली म्हणून मच्छीमार सोसायटीत हिशेबनीस लागले. डिझेल, बर्फ, जाळ्यांचं सूत, कर्जाचे हप्ते, सगळ्यांच्या वह्या माझ्याकडे. प्लास्टिकची वही त्यात पुढे वाढली. ती का वाढली आणि तिच्यातून काय निघालं, त्याबद्दल लिहायचं आहे.

आमच्याकडची मासेमारी मुख्यतः डोलीची. ट्रॉलर जाळं ओढत मासळीच्या मागे जातो, डोल जागची हलत नाही. समुद्रात खुंट रोवून, तोंड प्रवाहाकडे करून लांबलचक जाळं ताणायचं. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहत जातं आणि बोंबील, करंदी, जवळा, मांदेली टोकाच्या बारीक आसाच्या भागात, म्हणजे खोल्यात, साचत जातात. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाचं पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. त्यामुळे पौर्णिमा-अमावस्येला ओढ जबर असते आणि डोल भरून येते. भांगाच्या दिवसांत पाणी सुस्तावतं आणि बोटीही किनाऱ्याला लागतात. इंजिन नसतानाच्या काळात कुणीतरी बसवलेलं हे गणित आजही तंतोतंत चालतं.

पण डोलीला निवड करता येत नाही. समोरून जे येईल ते ती घेते. उल्हास नदी बदलापूर, उल्हासनगर, कल्याण करत खाली येते आणि तिचं पाणी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतं. वाटेत किती गावांचे किती नाले तिच्यात उतरतात ते त्या त्या गावाने मोजावं. ओहोटीला खाडी जे बाहेर सोडते, ते सगळ्यात आधी आमच्या डोलीच्या तोंडाशी येतं. आणि हा कचरा किनाऱ्यावर दिसतो तो नव्हे. झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली आतल्या हवेमुळे तरंगते आणि वाऱ्याबरोबर रेतीला लागते. झाकण नसलं तर तीच बाटली तळाला जाते, कारण तिचं प्लास्टिक पाण्याहून जड आहे. पॉलिथिनची पिशवी पाण्याहून किंचित हलकी. पण तिच्यात गाळ भरला, अंगावर शेवाळ धरलं, की ती मधल्या पाण्यात लोंबकळत राहते. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो. म्हणून किनारा कितीही लख्ख झाडला तरी पाण्याच्या पोटातलं प्लास्टिक पोटातच राहतं. ते दिसतं फक्त डोल उचलणाऱ्याला.

त्याचं नुकसान नाखवा लगेच मोजून दाखवतो. खोला पिशव्यांनी भरला की आस बंद होतात, पाणी गाळलं जात नाही, ओढीने जाळं फाटतं. पिशवी पंख्यात गुंडाळली गेली की बोट जागेवर थांबते आणि एका खलाशाला दातात सुरी धरून पाण्यात उतरावं लागतं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेचून घेणाऱ्या जाळीवर पिशवी बसली, तर इंजिन तापून बंद पडतं. हे सगळं दुरुस्तीच्या बिलांवर येतं, म्हणून मला ठाऊक होतं. कुठल्याच बिलावर येत नव्हतं ते बायकांचं काम. जवळा खळ्यात पसरण्याआधी निवडावा लागतो. त्यात प्लास्टिकचा कण राहिला तर वाळल्यावर तो चमकतो, व्यापारी मूठभर जवळा उचलून हातावर पसरतो आणि भाव पाडतो. म्हणून बाई उन्हात बसून तेवढं निवडते, आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "पयले जवल्यातली बारकी मासली निवडाची, आता पिशव्या निवडाच्या." त्या जाळ्यांवर, सरकारवर, सोसायटीवर पुष्कळ बोलायच्या, पण यावर एवढंच.

बोटीवर निवडलेला कचरा कुठे जायचा? पुन्हा समुद्रात. खलाशी मासळी वेगळी करायचा आणि उरलेलं फळकुटाने सरळ पाण्यात ढकलायचा. यात त्याला दोष देणं सोपं आहे. बोटीत जागा असते ती मासळीला आणि बर्फाला. कुजकट वासाची गोणी त्याने धक्क्यापर्यंत आणली तरी ती ठेवायची कुठे? आमच्या जेट्टीवर तेव्हा कचऱ्याचा डबासुद्धा नव्हता. त्यामुळे तीच पिशवी आज आमच्या डोलीत, उद्या शेजारच्या गावाच्या डोलीत, परवा परत आमच्याकडे. जहाजांच्या प्रदूषणाबद्दलचा मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचं पाचवं परिशिष्ट 31 डिसेंबर 1988 पासून लागू झालं आणि त्याने कुठल्याही समुद्रात प्लास्टिक टाकायला बंदी केली. त्याच परिशिष्टाने बंदरांवरही एक जबाबदारी टाकली आहे: जहाजांचा कचरा उतरवून घ्यायची सोय करण्याची. लहान मासेमारी बंदरांपर्यंत बंदीची पाटी पोहोचते, सोय पोहोचत नाही.

किनारा-सफाईच्या मोहिमांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. वर्सोव्याचा अपवाद मी मान्य करते. अफरोज शाह यांनी 2015 मध्ये तिथे सुरुवात केली. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. 2018 मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. पण ते काम आठवड्यामागून आठवडा, वर्षामागून वर्ष चाललं, म्हणून ते काम. आमच्याकडे यायच्या त्या मोहिमा पर्यावरण दिनाच्या आसपासच्या. एका मोठ्या कंपनीची मंडळी सारख्या रंगाचे टी-शर्ट घालून आली, हातमोजे घातले, पुष्कळ गोण्या भरल्या, फोटो काढले. गोण्या न्यायला गाडी येणार होती, ती आली नाही. चार दिवसांनी उधाण आलं आणि गोण्यांसकट सगळं परत पाण्यात गेलं. शिवाय आता गोण्याही प्लास्टिकच्या. हातमोजे तर पुढच्या आठवड्यात खोल्यात सापडले.

त्याच सुमारास केरळातल्या एका कामाची माहिती आमच्यापर्यंत आली. कोल्लमजवळ नीन्डकरा आणि शक्तिकुलंगरा ही जोड बंदरं आहेत. तिथे 2017 मध्ये राज्य सरकारने ‘शुचित्व सागरम्’ नावाची योजना सुरू केली. बोटींना पिशव्या दिल्या, जाळ्यात आलेलं प्लास्टिक त्यात भरून किनाऱ्याला आणायला सांगितलं. धक्क्यावर बायका ते वेगळं करायच्या, धुवायच्या, मग यंत्रात बारीक करून ते डांबरात मिसळून रस्त्यासाठी वापरायचं. मला गंमत वाटली ती जागेची. भारत-नॉर्वे प्रकल्पाने 1953 मध्ये मासेमारीच्या यांत्रिकीकरणाला जिथे हात घातला, तेच हे नीन्डकरा.

मी हे सोसायटीच्या सभेत मांडलं. चेअरमन म्हणाले, "तिथे सरकार आहे मागे. आपल्या मागे कोण?" प्रश्न खरा होता. रोख पैसे देणं सोसायटीला परवडणारं नव्हतं, आणि रोख दिले की वाद लागतात हा माझा वह्यांचा अनुभव. शेवटी एका जुन्या तांडेलाने तोडगा काढला: भरलेल्या गोणीमागे बर्फाची एक लादी. बर्फ सोसायटीचाच, उन्हाळ्यात त्याची चणचण, आणि प्रत्येक बोटीला तो रोज लागतो. गोणी धक्क्यावर उतरली की लिलावाच्या ओट्यावरचा मुलगा काट्यावर घालणार, मला आकडा देणार, मी बोटीच्या बर्फाच्या खात्यात लादी जमा करणार. गोण्या म्हणून मिठाच्या जुन्या गोण्या धुऊन दिल्या. खलाशांतले बरेच जण उत्तर प्रदेशातले, झारखंडातले, काही पालघरच्या आदिवासी पाड्यांतले, म्हणून सूचनेचा फलक हिंदीत लावला. फलकाने काही झालं नाही. बर्फाने झालं.

लबाडीही लगेच सुरू झाली. कोणी गोणीच्या तळाला ओली रेती भरली, कोणी समुद्रावर न जाताच किनाऱ्यावरचा कचरा भरून आणला. रेतीवाल्यांची लादी बंद केली. किनाऱ्यावरच्या कचऱ्यावरून मात्र कमिटीत बरीच रणधुमाळी झाली. माझं म्हणणं होतं की प्लास्टिक शेवटी प्लास्टिकच, किनाऱ्यावरचं उद्या समुद्रातच जाणार. कमिटीचं म्हणणं, बर्फ फुकट जातो. मग असं ठरलं की बोट धक्क्याला लागताना मासळीबरोबर उतरेल तीच गोणी धरायची. आजही मला वाटतं की त्या दिवशी कमिटीने कंजूषपणा केला.

वहीत मी तारखेबरोबर तिथीही लिहायची, कारण आमचं काम तिथीवर चालतं. त्यामुळे काही गोष्टी आपोआप दिसायला लागल्या. उधाणाच्या दिवसांत गोण्या दुप्पट-तिप्पट. पावसाळी मासेमारीबंदी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत. ती उठून बोटी पहिल्यांदा बाहेर पडल्या की पहिले काही दिवस मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त, कारण दोन महिन्यांच्या पावसाने सगळ्या शहरांचे नाले धुऊन समुद्रात आणलेले असतात. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहायचा आणि दुसऱ्या दिवशी डोलीतून अंबरनाथच्या मिठाईच्या दुकानाची पिशवी उचलायची, हे दरवर्षीचं. हे खाडीचं खापर खाडीवर फोडता आलं, तेव्हा सभेत सगळे खूश होते.

मग वर्गवारीचं पान वाचून दाखवलं आणि सभा जरा थंडावली. गोण्यांत बाहेरचा कचरा जास्त होता यात शंका नाही. पण दोरांचे तुकडे, जाळ्यांच्या चिंध्या, फुटके बुचे, इंजिन ऑइलचे डबे, पानमसाल्याच्या पुड्या, हे उल्हासनगरहून वाहत आलेलं नव्हतं. ते आमचंच होतं. जाळं दुरुस्त करताना कापलेले नायलॉनचे तुकडे जेट्टीवर पडतात आणि पाणी मारलं की सरळ खाली जातात. जुन्या माणसांनी वापरलेली जाळी सुताची आणि सणाची. ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्की करायची आणि तरीही काही काळात कुजायची. नायलॉन आलं आणि ही कटकट संपली, जाळं कुजेनासं झालं. आज ते समुद्रात सुटलं तरी कुजत नाही, तीच आता अडचण. हरवलेलं जाळं कोणी उचललं नाही तरी मासे पकडत राहतं. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात जाळ्याने वल्ह्यासारखा पाय कापला गेलेली कासवं येतात, त्यातली काही अशा जाळ्यांतली. राज्य सरकारने डिसेंबर 2018 मध्ये एक चांगलं केलं. जाळ्यात सापडलेलं कासव, देवमासा यांसारखा संरक्षित जीव सोडवायला मच्छीमाराने जाळं कापलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. कापलेल्या जाळ्याचे पैसे मिळतात म्हटल्यावर कापायला हात वळतो. माणसाचं नुकसान भरून द्या, तो समुद्राचं नुकसान करत नाही, हे मी वहीवरून सांगू शकते.

आमच्या हातातलं आधी हाती घेतलं. जाळं विणणाऱ्यांच्या पुढ्यात क्रेट ठेवले, तुकडे त्यातच टाकायचे. नायलॉनला भंगारवाला बरा भाव देतो, ते पैसे विणणाऱ्यांचेच. ऑइलचा डबा डिझेलच्या खिडकीवर, म्हणजे माझ्याच खिडकीवर मिळायचा. मी नियम केला की रिकामा डबा परत आल्याशिवाय नवा मिळणार नाही. पहिले काही दिवस शिव्या खाल्ल्या. पण गोण्यांमधून ऑइलचे डबे जवळजवळ गेले, आणि माझ्या सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत पक्कं काम हेच ठरलं. पाण्याच्या बाटल्यांऐवजी बोटीला मोठा जार अनामतीवर दिला. पानमसाल्याच्या पुडीवर मात्र मला इलाज सापडला नाही.

गोळा झालेलं जायचं कुठे, हा प्रश्न गोळा करण्यापेक्षा अवघड निघाला. भंगारवाला बाटली, कडक प्लास्टिक, जाळं, दोर घेतो. पातळ पिशवी आणि चंदेरी पाकीट तो हातात धरत नाही. ओट्यामागे त्यांचा ढीग वाढत गेला. पुनर्वापर करणाऱ्या कारखान्यांशी बोलले. समुद्रातलं म्हटल्यावर त्यांचा नकार ठरलेला, कारण त्यात गाळ, रेती, शिंपले असतात आणि यंत्राची पाती जातात. असलं प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत जाळता येतं, पण खाऱ्या पाण्याबरोबर क्लोरिन येतो आणि तो भट्टीला नको असतो. म्हणजे गोड्या पाण्याने धुवायचं. कोळीवाड्यात नळाला पाणी किती येतं ते आम्हाला ठाऊक. शेवटी आम्ही ते खळ्याच्या एका कडेला उन्हात वाळवायला लागलो आणि झोडपून रेती झाडायला लागलो. हे काम चार बायकांना सोसायटीने रोजावर दिलं. पूर्वी जे निवडणं फुकट व्हायचं, त्याला निदान इथे मजुरी लागली. कोरडा, झाडलेला माल पुढे न्यायला एक ठेकेदार तयार झाला.

मध्ये हद्दीचं एक नाटकही होऊन गेलं. एक कार्यालय म्हणालं, जेट्टी आमची, पण कचरा आमचा नाही. दुसरं म्हणालं, कचरा आमचा, पण जेट्टी आमच्या हद्दीत नाही. तिसऱ्याने विचारलं, हा कचरा किनाऱ्यावर निर्माण झालाय की समुद्रात? मी म्हटलं, कारखान्यात. त्यानंतर कचऱ्याची गाडी कोळीवाड्याच्या कोपऱ्यापर्यंत यायला लागली. तिथपर्यंत गोण्या हातगाडीवर न्यायच्या.

कायद्याबद्दलही वही बोलते. महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आणली, केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या कित्येक वस्तू बंद केल्या, आणि 2022 संपताना हातपिशवी 120 मायक्रॉनपेक्षा पातळ नको असा नियम झाला. माझ्या वहीत स्ट्रॉ आणि चमचे कमी झालेले दिसले. पिशवीचं म्हणाल तर दुकानाचं नाव छापलेली पिशवी कमी झाली आणि बिननावाची पातळ पिशवी तिच्या जागी आली. नाव नसलं की दंड कोणाला करणार? आणि शाम्पूच्या, वेफर्सच्या, मसाल्याच्या पुड्या बंदीच्या यादीत नाहीत. नेमक्या त्याच पुड्या जवळ्यात सर्वांत जास्त त्रास देतात. मायक्रॉन मोजण्यापेक्षा या पुड्यांचं काहीतरी करायला हवं होतं.

मुंबईत काही नाल्यांच्या तोंडाशी तरंगते अडथळे बसवले आहेत. वरून तरंगत जाणारं ते अडवतात, खालून जाणारं जातंच. पण रोज रिकामा केला तर नाल्यावरचा असा एक अडथळा कितीतरी डोलींचं काम वाचवतो, हे मी कुठल्याही सभेत सांगेन. डोल हे कचरा गाळायचं यंत्र नाही आणि कोळी हा शहराचा सफाई कामगार नाही. एकदा समुद्रात गेलेली पिशवी बाहेर काढायला बर्फ लागतो, ऊन लागतं, चार बायकांचा दिवस लागतो. नाल्यावर ती एका आकड्याने निघते. पैसा कुठे खर्च करायचा हे यावरून ठरवावं.

आमच्याकडे अजून सगळ्या बोटी गोणी आणत नाहीत. मासळी कमी आली की गोण्याही कमी येतात, कारण वैतागलेला खलाशी काही निवडत बसत नाही. जवळा अजून निवडावाच लागतो. पण धक्क्याखालचं पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे, ऑइलचे डबे दिसत नाहीत, आणि प्लास्टिकचं वजन आता बर्फाच्या वजनाइतक्याच सहजपणे लिहिलं जातं.

मच्छीमार सोसायट्यांच्या मंडळींना एक विनंती. नवी जेट्टी मंजूर होते तेव्हा अंदाजपत्रकात डिझेल पंप, बर्फ कारखाना, लिलावगृह, जाळी विणायची शेड, सगळं धरलेलं असतं. त्यात कचरा उतरवायला एक छप्पर, एक काटा आणि गाडी येईल एवढा रस्ता धरायला लावा. मंजुरी एकदा झाली की हे पुढे बसवून घेता येत नाही. आम्हाला अजून ते छप्पर मिळालेलं नाही, तुमच्याकडे निदान आधी मागा.